डोंगरातल्या गावी मुक्कामाला जाताना: पुणेकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शनिवारी पहाटे पुण्यातून निघायचं आणि रविवारी रात्री जेवायला घरी परत यायचं, या बेताने डोंगरात गेलं की गाव फारसं भेटत नाही. भेटतात ते आपल्यासारखेच पुण्या-मुंबईचे चार गट आणि सगळ्यांचं एकदम करायचं म्हणून घाईने उरकलेलं पिठलं-भाकरी. गावाची जत्रा मंगळवारी असते, भजन एकादशीला असतं आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, पाऊस म्हणेल तेव्हा असते. त्यामुळे पहिली सूचना हीच: आधी गावाचा कार्यक्रम विचारा आणि त्याप्रमाणे रजा टाका. एवढं एक जमलं तर पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप सोप्या होतात.

गाव निवडताना

पुणे जिल्ह्याचा पश्चिमेचा पट्टा, म्हणजे भोर, वेल्हे (आताचा राजगड तालुका), मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर, अशा गावांनी भरलेला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने राहण्याची घरगुती सोय असलेलं, पण रस्ता जिथे संपतो किंवा संपत आलेला असतो असं गाव निवडावं. मी तीन ठिकाणं सुचवेन. तिघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

रायरेश्वर हे भोर तालुक्यातलं साडेचार हजार फूट उंचीचं पठार. शिवरायांनी 1645 मध्ये इथल्या शंभूमहादेवासमोर स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे. पठारावर जंगमांची, म्हणजे शिवाची पूजा करणाऱ्या शाकाहारी लिंगायत पुजाऱ्यांची, घरं पिढ्यानपिढ्या आहेत. देवाची पूजा त्यांच्याकडे, शेतीही त्यांचीच. भोर-आंबवडे-कोर्ले असं जाऊन गाडी पठाराच्या पायथ्याशी लागते. तिथून पुढे चढण आणि लोखंडी शिडी. किराणा, सिमेंट, पत्रे, जे काही वर दिसतं ते कुणीतरी डोक्याखांद्यावरून चढवलेलं असतं. इथल्या शेतकऱ्यांनी तर ट्रॅक्टर सुटा करून, एकेक भाग खांद्यावर घेऊन वर नेला आणि पुन्हा जोडला. वर गेल्यावर बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक असं काही मागण्याआधी ती शिडी आठवावी. ही जंगमांची घरं आहेत, तेव्हा कोंबडी-मटणाचा विषय काढू नये. दारू तर सोबतही नेऊ नये. पठार सगळ्यात सुंदर दिसतं ते सप्टेंबरात, रानफुलांच्या दिवसांत.

राजमाचीच्या उधेवाडीत ट्रेकरांची वर्दळ अनेक वर्षांची, त्यामुळे पाहुणा म्हणजे काय हे गावाला नीट माहीत आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मध्ये भैरवनाथाचं देऊळ, खाली उदयसागर तलाव. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण पंधरा किलोमीटर चाल आहे, पण बरीचशी सपाटीची. कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहून वाट छोटी, मात्र छातीवरची. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर उधेवाडी बरी. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी इतकी गर्दी लोटते की त्या दिवसांतले शनिवार-रविवार टाळाच.

तिसरं आहुपे, आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकर अभयारण्याला लागून. मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालत रस्ता चढतो आणि कोकणकड्यापाशी थांबतो. कड्यावर उभं राहिलं की समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. हा महादेव कोळी आदिवासींचा मुलूख. भाताची खाचरं, हिरड्याची झाडं आणि देवराई (देवाच्या नावाने राखलेलं रान) यांवर इथलं जगणं उभं आहे. उन्हाळ्यात अंगणात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला दिसेल. त्यावरून चालत जाऊ नका. ती त्या घराची वर्षाची रोख कमाई असते. तिघांतलं एकच निवडायचं झालं तर मी आहुपे निवडेन.

तारीख कशी ठरवायची

माघापासून वैशाखापर्यंत जत्रांचा हंगाम. गावदैवत बहुधा भैरवनाथ, काळूबाई, वाघजाई किंवा म्हसोबा, आणि प्रत्येकाची तिथी वेगळी. कॅलेंडर बघून ती कळत नाही, गावातल्या माणसालाच विचारावी लागते. जुलैत आवणी. श्रावणात सोमवार, पंचमीचे झोके आणि फुगड्या. बैलांचा सण कुठे बेंदूर म्हणून होतो, कुठे पोळा म्हणून, आणि तिथीही गावागणिक बदलते. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेची काकडआरती. दिवाळीच्या आगेमागे नाचणीची कापणी आणि भाताची झोडणी.

आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे वसुबारस असते. त्याच दिवशी जुन्नर, आंबेगाव आणि अकोले तालुक्यांच्या डोंगरात वाघबारस करतात. गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, दुधाची खीर शिजवतात, वाघाला नैवेद्य दाखवतात आणि वर्षभर गुरांना सांभाळ म्हणून हात जोडतात. जुन्नरच्या पट्ट्यात बिबट्या हा रोजच्या जगण्यातला विषय आहे, म्हणून ही पूजा तिथे फार खरी वाटते. दिवाळीच्या खरेदीच्या धांदलीतून तो एक दिवस काढता आला तर जरूर काढा.

मार्च ते मे जायचं असेल तर एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या: गावात पाणी कमी असतं. जिथे पावसाळ्यात ढग घरात शिरतात तिथेच एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन उतारावरच्या झऱ्यापाशी नंबर लावतात. डोंगरावर पडलेलं पाणी उतारावरून निघून जातं, मुरत नाही. त्या दिवसांत मोठा गट नेऊ नये. चौघांपुढे नकोच.

फोनवर काय बोलायचं

मुक्कामाचं यश या एका फोनवर असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. दुपारी फोन करू नका. माणसं रानात असतात आणि रेंजही नसते. संध्याकाळी सात-साडेसातनंतर करा. आधी स्वतःची ओळख, कुठून बोलताय, कोणाकडून नंबर मिळाला. मग थेट दर न विचारता विचारा: "दादा, त्या आठवड्यात तुमच्याकडे काही कार्य आहे का? शेतीचं काम कुठवर आलंय?" यावर जे उत्तर येतं त्यात सगळं असतं. "आवणी चाललीय, पण या तुम्ही" असं म्हणाले तर समजा की घरातली सगळी माणसं पहाटे खाचरात जाणार, रात्री दमून येणार, आणि तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करणं त्यांना जड जाणार. तरी ते नाही म्हणणार नाहीत. दारी येतो म्हणणाऱ्याला नको म्हणणं डोंगरातल्या घराला जमत नाही. तेव्हा आपणच म्हणावं, "जे घरात होईल तेच आम्हाला वाढा."

मग व्यवहाराचं स्पष्ट बोलून घ्या. माणशी किती, त्यात किती जेवणं, चहा-नाश्ता धरून की वेगळा, लहान मुलांचं काय. झोपायला खोली आहे की ओटी, अंथरूण-पांघरूण मिळेल का, संडास घरात आहे की बाहेर. हे विचारण्यात काही वावगं नाही. उलट आधी न विचारता तिथे जाऊन तोंड वाकडं करणं वाईट. कोणी वयस्कर असेल, खाली बसता येत नसेल, मधुमेह असेल, तर तेही आत्ताच सांगा. खुर्ची शेजारच्या घरातून येते, पण आधी कळलं तर.

दराची घासाघीस करू नका. मंडईतून वर गेलेल्या टोमॅटोचा भाव शिडी चढल्यावर तोच राहत नाही. आगाऊ रक्कम द्यायचीच असेल तर त्याच दिवशी पाठवा आणि येणं रद्द झालं तर परत मागू नका. तुमच्या भरवशावर त्यांनी किराणा भरलेला असतो.

जत्रेच्या दिवशी जायचं असेल तर खास विचारा. त्या दिवशी माहेरवाशिणी, जावई, मुंबईला कामाला असलेले भाऊ असं सगळं घर भरलेलं असतं. तुम्हाला देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपावं लागेल असं सांगितलं तर आनंदाने हो म्हणा.

जायचं कसं

गाडी असेल तर सोपं आहेच, पण मी एसटी सुचवेन. भोर, वेल्ह्याच्या गाड्या स्वारगेटहून सुटतात, मंचर-जुन्नरकडच्या वाकडेवाडीहून. तालुक्याच्या गावाला उतरून पुढची गाडी धरायची. आडगावांना बऱ्याचदा मुक्कामी गाडी असते: संध्याकाळी गावात पोचते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. वेळ तालुक्याच्या स्थानकावर विचारून घ्यावी, कारण पावसाळ्यात आणि शाळेच्या सुट्टीत ती बदलते.

या गाडीचा मोठा फायदा असा की गावात पोचण्याआधीच गावाशी ओळख होते. बाजार करून परतणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं, तहसीलचं काम उरकून निघालेले आजोबा. कोणीतरी विचारतंच, "पाव्हणं, कुणाकडं?" घराचं नाव सांगितलं की तो माणूस त्या घराची तीन पिढ्यांची माहिती देतो आणि उतरल्यावर दारापर्यंत सोडतो. स्वतःच्या गाडीने गेलात तर हे सगळं हुकतं.

सामानाची लांबण लावत नाही. विजेरी, एक जाड चादर, थंडीत कानटोपी, स्वतःची औषधं, पकड असलेले बूट. रोख रक्कम सुट्ट्या नोटांत न्या. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. यजमानांकडे मोकळ्या हाताने जाऊ नये. चहापूड, साखर, गूळ, खोबरं, मुलांना वह्या असं उपयोगी पडेल ते न्यावं. चॉकलेटं उधळत गावभर फिरू नये, त्याने पोरांना पाहुण्यांकडे हात पसरायची सवय लागते.

घरात पाऊल टाकल्यावर

पायातलं बाहेर काढायचं, दिलेल्या पाण्याने पाय धुवायचे, ओटीवर बसायचं. पाण्याचा तांब्या समोर येतो, मग चहा. दूध कमी असेल तर कोरा येईल. तो घ्यावा. घरातल्या मोठ्या माणसांना नमस्कार करून मावशी, काका, आजी म्हणत बोलायला लागलं की अवघडलेपण जातं. माजघरात, देवघराजवळ बोलावल्याशिवाय जाऊ नये. आंघोळीला दोघांत एक बादली पुरवावी, निदान उन्हाळ्यात तरी.

संध्याकाळी खरी जागा म्हणजे चुलीपाशी. "बसू का इथं?" म्हणून विचारा आणि बसा. नाचणीची भाकरी होताना नीट पाहावी अशी आहे. नाचणीला ज्वारीसारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवून आधी उकड करतात. काठवटीत ती तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायची, मग गोळा घेऊन बोटांच्या पेरांनी थापत, फिरवत, कडा सारख्या ठेवत मोठी करायची. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो. पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून भाकरी आरासमोर, म्हणजे निखाऱ्यांसमोर, उभी लावायची. तिथे ती फुगते, पापुद्रा सुटतो, कडेला एखादा काळा डाग पडतो. काठवटीतून आरापर्यंतचा हा हात वर्षानुवर्षांचा असतो. आपण मध्ये थापायला बसून त्यांचा वेळ घालवू नये. लसूण सोलून द्यावा, पाट्यावर ठेचा वाटून द्यावा.

ताटात काय येईल ते ऋतूवर. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं, कुर्डू, भारंगी, टाकळा, पुढे करटोली. थंडीत हुलग्याचं माडगं किंवा शेंगोळे, काळ्या घेवड्याची आमटी. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं. रानभाजी मागायची तर तीच मागा, पण स्वतः रानात जाऊन काही उपटून आणू नका. शेवळं नीट शिजवली नाहीत, त्यांत आंबट घातलं नाही, तर घसा खवखवतो. ही जाण घरातल्या आजीला असते, मोबाइलमधल्या फोटोला नसते. पनीर, मॅगी असं काही मागू नये. आणि ताटात टाकू नये, हे लिहावं लागू नये, पण लिहितो.

जत्रा, भजन, आवणी, देवराई

जत्रेचा क्रम बहुतेक गावांत सारखा असतो. पहाटे देवाला अभिषेक, दुपारी घरोघरचे पुरणपोळीचे नैवेद्य, संध्याकाळी ढोल-लेझमाच्या गजरात पालखी, रात्री उशिरा छबिना (देवाची मिरवणूक), मग लोकनाट्य. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी (सकाळचा खेळ) आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. सामिष जेवण असेल तर ते दुसऱ्या दिवशी. पुण्याहून येणारे बहुतेक जण पालखी पाहून परततात. माझ्या मते आखाड्यासाठी थांबलंच पाहिजे. रेवड्यांच्या बक्षिसावरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत चढत जाणारा तो फड म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीची ओळखपरेड असते. जत्रा वर्गणीवर चालते. पाहुण्यांकडे कोणी मागत नाही, पण पंचांपाशी जाऊन आपली वर्गणी द्यावी आणि पावती घ्यावी. गाभाऱ्यात कोणी जायचं, सोवळं किती पाळायचं, याचे नियम गावागावांत वेगळे. घरातल्या मावशींना आधीच विचारून घ्या.

पालखीच्या वेळी कोणाच्या अंगात आलं तर मोबाइल खिशात ठेवा. तो त्या घराचा आणि देवाचा क्षण असतो. एरवीही फोटो काढण्याआधी विचारावं, आणि शेतात गुडघाभर चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईचा तर विचारल्याशिवाय कधीच काढू नये.

भजनाला जाणं सगळ्यात सोपं. देवळात शिरल्यावर आधी वीणेला नमस्कार, मग मागे जागा मिळेल तिथे बसायचं. हातात टाळ दिला तर घ्या; ठेका सुटला तरी कोणी काही म्हणत नाही, शेजारचा माणूस डोळ्यांनी सांभाळून घेतो. एखादा अभंग येत असेल तर संकोच न करता म्हणा. रात्र पुढे सरकते तसा पखवाज तापत जातो आणि दिवसभर एक शब्द न बोललेले काका गवळण अशी उचलतात की ऐकत राहावं.

आवणीत हात लावायचा असेल तर घड्याळाकडे न बघता दिवसभर द्यायची तयारी हवी. अनवाणी उतरायचं, बांधावरून जपून चालायचं, दिलेल्या मुठीतली रोपं दोन-तीन करून चिखलात रोवत मागे मागे सरकायचं. अंतर किती ठेवायचं ते शेजारच्या बाईकडे बघून. कंबर तासाभरात बोलायला लागते. याच डोंगरात पडकईची जुनी रीत आहे: उन्हाळ्यात अनेक घरं मिळून आज याच्या, उद्या त्याच्या उतारावर खाचर पाडून देतात, मजुरीऐवजी श्रमाची परतफेड श्रमाने. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली जी खाचरं आपण पाहतो, त्यांतली कित्येक अशीच घडली आहेत.

देवराईत गावातल्या माणसाबरोबरच जा. चपला बाहेर, आवाज खाली. इथली वाळकी काटकीसुद्धा चुलीला नेत नाहीत, त्यामुळे शेकोटीला लाकूड, घरी न्यायला वेल, बी असं काही उचलायचं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांच्या नोंदी केल्या. आजूबाजूचं रान तुटून गेलं तरी देवाच्या धाकाने ही राई उभी राहिली, हे त्यातून सगळ्यांपुढे आलं.

पावसाळ्यातली काळजी

आहुपेच्या वाटेवर माळीण लागतं. 30 जुलै 2014 च्या पहाटे डोंगर खचून ते गाव गाडलं गेलं आणि 151 माणसं गेली. त्या रस्त्याने जाताना हे माहीत असलं पाहिजे. हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर मुक्काम पुढे ढकला. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदी आदेश काढतं, तेही पाहून निघा. यजमान "आज कड्यावर नको" म्हणाले तर का म्हणून वाद घालू नका. धुकं कोणत्या बाजूने चढतं हे त्यांना कळतं. ओढ्याला पाणी आलं असेल तर गाडी घालू नये, अलीकडेच थांबावं.

रात्री विजेरीशिवाय बाहेर पडू नये, सकाळी बूट झटकून घालावेत. फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही इथले रहिवासी आहेत. दंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता माणसाला शांत ठेवावं आणि 108ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात न्यावं. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पविषावरचं औषध (प्रतिविष) असतं, हे पहिल्याच दिवशी यजमानांना विचारून ठेवा. कड्यावर आग्या मोहोळं असतात. खाली धूर करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये.

निघताना

पैसे घरातल्या कर्त्याच्या किंवा घर चालवणाऱ्या बाईच्या हातात द्यावेत, ठरल्यापेक्षा थोडे जास्त दिले तर "पोरांच्या खाऊला" म्हणून. फोटो काढले असतील तर चांगल्या कागदावर छापून पाठवा. आजीचा एकटीचा, नीट पदर सावरून बसलेला फोटो बऱ्याच घरांत नसतो.

आणि तांदूळ-नाचणी तिथूनच घ्या. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, मावळात इंद्रायणी, भोर-वेल्ह्याकडेही सुवासिक भात होतो. त्यांच्याकडे विकायला आहे का हे आधी विचारा. पुष्कळ घरं वर्षाच्या खाण्यापुरतंच पिकवतात. झोडणी होऊन दिवाळीनंतर नवा तांदूळ तयार होतो. तो शिजून आसट होतो, गुरगुट्या भाताला उत्तम. मोकळा भात हवा असेल तर वर्षाचा जुना मागा आणि नव्यापेक्षा भाव थोडा जास्त पडेल हे धरून चाला.